बाहेरून बघून येतो

आमच्या मस्तगड भागातला कॉम्प्युटरवाला "झालं" असं कधीच म्हणत नाही. विचारलं की मान तिरकी करून म्हणतो, "बघू ना, सर." टाइप करताना एकेक अक्षर ओठांत पुटपुटतो, तोवर त्याच्या चहावर साय धरते.

बाबांनी गायलेल्या धनगरी ओव्या रेकॉर्ड करून मी घरच्या कॉम्प्युटरवर ठेवल्या होत्या. त्याच कॉम्प्युटरचा वेब सर्व्हर केला, की जाफराबादच्या आत्याला त्या मोबाइलवर ऐकता येतील, असा माझा बेत. तीन दिवस खपलो. घरात ओव्यांचं वेब पान झकास उघडायचं, आत्याकडे मात्र काहीच नाही. बाबा रोज विचारायचे, "ऐकलं का रे तिनं?" मला तोंड लपवावंसं वाटायचं.

शेवटी या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरून येणाऱ्यांना वाट करून दिली आणि उठून चपला घातल्या.

"कुठं चालले, भाऊ?"

"घरातल्या घरात तर काहीबी चालतं, सर. बाहेरून बघून येतो."

फोनचं वाय-फाय बंद करून तो कोपऱ्यावरच्या लिंबाखाली गेला. दहा मिनिटं झाली तरी येईना. मी तसाच अनवाणी धावलो.

तो झाडाला टेकून, फोन कानाशी धरून, डोळे मिटून उभा होता. फोनमधून बाबांचा आवाज येत होता. माझा जीव भांड्यात पडला. तरी त्याच्या तोंडून ऐकावं म्हणून विचारलं, "झालं का?"

डोळे न उघडताच त्यानं हात वर केला.

"थांबा ना, सर. बाबा गाऊन राह्यले."