नॉर्बर्टची पांढरी रेघ

शेल्डे नदीकाठच्या त्या गावात नवे सायकलीचे बूट आणले की आधी नॉर्बर्ट देक्युपेरच्या गॅरेजात न्यायचे, हा रिवाज होता. बुटाच्या तळव्याला तीन स्क्रूंनी बसणारा क्लीट हा प्लास्टिकचा एवढासा तुकडा, पण पेडलमध्ये खट्कन अडकला की पाय त्याचा गुलाम. तो तसूभर चुकला तरी हजारो फेऱ्यांत गुडघा वाजायला लागतो. नॉर्बर्ट क्लीट बसवायचा आणि त्याच्या कडेने तळव्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारायचा. "क्लीट या रेघेवरून हलला तर माझ्याकडे यायचं नाही," असा दम भरायचा.

गिरणीतली नोकरी सांभाळून त्याने अठरा वर्षं गावोगावच्या जत्रांमधल्या सायकल शर्यती केल्या होत्या. तेव्हा बूट चामड्याचे असत. नवे बूट चार दिवस क्लीटशिवाय चालवायचे, पेडलचा वळ तळव्यावर उमटायचा, आणि त्या वळावर क्लीट खिळ्यांनी ठोकायचा. नॉर्बर्टचा वळ नेहमी नाकासमोर सरळ. पुढे टणक तळव्यांचे बूट आले. त्यांच्यावर वळ उमटेना, तेव्हा नॉर्बर्टने सगळ्या गावाच्या पायांना स्वतःचाच वळ लावला. सरळ म्हणजे सरळ.

त्याच्या मुलीचा, वीर्लेचा, डावा पाय मात्र जन्मापासून थोडा बाहेर वळलेला. ती बदकासारखी चालते म्हणून शाळेत चिडवायचे.

बाविसाव्या वर्षी ती सायकल शर्यतींत जिल्ह्यात पहिल्या पाचांत होती, आणि डावा गुडघा महिनाभर ठणकत होता.

"पपा, क्लीट जरा फिरवूया. टाच आत येऊ दे."

"आणि पाय बाहेर फाकवून पेडल मारणार? लोक म्हणतील, देक्युपेरची पोर शेण तुडवतेय."

"गुडघा माझा दुखतोय, लोकांचा नाही."

"तो सरावाने बसेल. माझाही दुखायचा."

शेवटी तिने स्वतःच पाना घेतला आणि डावा क्लीट वळवून घेतला. तीन आठवडे गुडघा गप्प राहिला. गावच्या जत्रेच्या शर्यतीला एका व्यावसायिक संघाचा माणूस येणार होता. वीर्ले पहिल्या तीनांत आली तर करार नक्की, असा निरोप होता.

शर्यतीच्या सकाळी बूट पुसताना नॉर्बर्टला ते दिसलं. क्लीट एकीकडे, त्याची पांढरी रेघ दुसरीकडे. त्याच्या कानशिलात कोणीतरी मारल्यासारखं झालं. संघाचा माणूस बघणार, आणि पोर अशी फेंगडी? त्याने स्क्रू सैल केले, क्लीट रेघेवर आणला, घट्ट आवळला.

सुरुवातीच्या रेषेवर वीर्लेने पाय अडकवला आणि तिचा चेहरा बदलला.

"पपा, तू हात लावलास?"

"जागेवर आणला."

"पाना दे. लवकर दे!"

पाना त्याच्या खिशात होता.

"घरी राहिला," नॉर्बर्ट म्हणाला. "बघ पुढे, शिट्टी होतेय."

बारा फेऱ्यांची शर्यत. सातव्या फेरीपर्यंत ती पुढच्या घोळक्यात होती. आठव्या फेरीला बेकरीपाशी ती एका पायाने पेडल मारत आली आणि कठडा धरून थांबली. गुडघ्यातली कूर्चा फाटली होती. दोन शस्त्रक्रिया झाल्या. संघाने दुसरी मुलगी घेतली.

ऑपरेशननंतरच्या तपासणीत फिजिओथेरपिस्ट बाईने वीर्लेला टेबलावर बसवून पाय लोंबते सोडायला सांगितलं. डावा पंजा आपोआप बाहेर वळला. "हिच्या क्लीटला हाच कोन हवा होता," बाई सहज म्हणाली. नॉर्बर्ट शेजारीच उभा होता. त्याला लख्ख समजलं, आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

पुढे कॅफेत कोणी विचारलं की तो सांगायचा, "गुडघे आईवर गेले हो तिचे. नाजूक."

वीर्ले आता चौकातल्या तळलेल्या बटाट्यांच्या गाड्यावर उभी असते, सगळा भार उजव्या पायावर टाकून. एका शुक्रवारी नॉर्बर्ट रांगेत उभा राहिला. घरातून एकच वाक्य घोकत आला होता.

"मोठा की छोटा?" तिने विचारलं.

"छोटा. वीर्ले..."

"मेयोनेझ?"

"घाल."

तिने कागदी कोन भरला, पण हातात दिला नाही. "एक सांग, पपा. त्या दिवशी तू क्लीट फिरवला नसतास तर?"

घोकलेलं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. मागे सायकल क्लबातले दोघे उभे होते, कान टवकारून.

"तरी गेलाच असता," तो म्हणाला. "तुझ्या आईकडचे गुडघेच तसे."

वीर्लेने कोन त्याच्यासमोर ठेवला, हात फडक्याला पुसले आणि त्याच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघत विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"