शैलाच्या गाडीचे गचके आणि गडवाभर ताक

गॅरेजवाल्याला किस्से जमवावे लागत नाहीत. ते जुन्या नट-बोल्टांसारखे आपोआप साठतात. एक शोधायला डबा पालथा करावा, तर बाकीचे सगळे पायाशी लोळतात!

माझं गॅरेज वाशिमात. माझे मालक वारले तेव्हा गल्लीतले शहाणे म्हणाले, "मथुराबाई, शटर पाडा, भाजीचं दुकान लावा." मी म्हटलं, "भाजी तुमी लावा, मी गिअरबॉक्स लावते!"

शिकवलं कोणी म्हणाल, तर कोणीच नाही. उघडलं, पाहिलं, परत बसवलं. सुरुवातीला बसवून झाल्यावर दोन-चार वस्तू हातात उरायच्या. हल्ली उरत नाहीत!

* * *

जावयाला लोक पाटावर बसवतात. माझा जावई गाडीखाली असतो!

रमेशराव कामाचा माणूस. स्कॅनर लावणं, लॅपटॉप बघणं त्यांच्याकडे. अडचण एकच. जावयाला एकेरी बोलता येत नाही, आणि गॅरेजात अहो-जाहो करून काम होत नाही. म्हणून मी शिव्यासुद्धा मानानं देते.

एकदा त्यांनी बोल्ट आडवा चढवला. मी ओरडले, "जावईबापू, आपन गाढव आहात काय!"

गाडीखालून आवाज आला, "होय आई. नीट करतो."

"बोल्ट, का सोताले?"

अधिक महिन्यात जावयाला वाण देतात. लोक चांदीचं ताट देतात, मी पान्यांचा सेट दिला. मुलगी रुसली. जावई मात्र तो सेट उशाशी घेऊन झोपला!

* * *

एका दुपारी अनसिंगकडून एक छोटी पांढरी ऑटोमॅटिक गाडी आली. आली म्हणजे काय, उड्या मारत आली! स्टिअरिंगवर शैला, बाजूला तिचा दीर गजानन, मागं वांग्यांचे क्रेट. गाडी थांबली तेव्हा अर्धी वांगी खाली होती आणि दीर डोकं चोळत होता. मार दोघांना सारखाच बसलेला, पण वांग्यांची तक्रार नव्हती.

शैलाचा डावा पाय लहानपणापासून कमजोर. क्लचची गाडी तिच्या कामाची नाही. नवरा पुण्याला कंपनीत. घरचा भाजीपाला आधी दीर बाजारात न्यायचा आणि ही घरी बसायची. मग तिनं ही जुनी ऑटोमॅटिक घेतली आणि स्वतः माल आणू लागली. आता वाशिमच्या बाजारात तिच्या मेथीची गिऱ्हाइकं तिच्या नावानं वाट पाहतात.

गजानन म्हणाला, "मावशी, अकोल्याले दाखवली. पुरा गिअरबॉक्स बदला म्हंतेत. तुमी पाहा, नाई तं येत्या बाजाराच्या आत इकून टाकतो. माल मी नेईन पयल्यासारखा. वहिनीले कायले तरास?"

त्याला फोन आला, तो बाहेर गेला. तेव्हा शैला हळूच म्हणाली, "मावशी, गाडी गेली तं मी पुन्हा ओट्यावर. येनारे-जानारे मोजत बसाचं."

मी म्हटलं, "ओट्यावर बसाचं वय माहं आहे व! मी बसली का?"

* * *

ऑटोमॅटिक गचके देते म्हटलं, की मी आधी चालवणाऱ्याचा डावा पाय पाहते. कारण आमचे बाळासाहेब!

बाळासाहेबांचं खत-बियाण्याचं दुकान. उभा जन्म क्लच दाबण्यात गेलेला. ऑटोमॅटिक घेतली आणि चौक आला, की त्यांचा डावा पाय क्लच शोधायला निघायचा. तिथं सापडायचा ब्रेक! बायकोच्या कपाळाला कायम टेंगूळ. लोक तिलाच विचारू लागले, "घरी सगळं बरं आहे ना?"

मी त्यांचंच उपरणं घेतलं आणि त्यांचा डावा पाय सीटला बांधला. गाडी लोण्यासारखी गेली! खूश होऊन त्यांनी चहाच्या टपरीपाशी थांबवली, दार उघडलं आणि ऐटीत उतरले. पाय बांधलेलाच!

मातीतूनच मला फोन. "मावशी, गाडी सुधरली, पन मी पडलो!"

शैलाच्या गाडीत मी स्वतः बाजूला बसले. तिचा डावा पाय बिचारा पाहुण्यासारखा गुमान बसलेला. तिची चूक नव्हती.

* * *

दुसरा संशय क्लचवर. या छोट्या ऑटोमॅटिकमध्ये क्लच असतोच. दाबणारा पाय तेवढा मशीनचा.

पोहरादेवीच्या यात्रेत हा क्लच हमखास जळतो. गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं चालते. चढावर लोक ब्रेक दाबत नाहीत, अॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतात. एकानं तिथूनच फोन केला होता, "मावशी, गाडीत कापराचा वास येऊन राह्यला. देवीच पावली म्हना!"

"देवी नाई पावली, बाप्पा. तुहा क्लच चालला! उतर, बोनेट उघड, आन् हात जोडाचे तं त्याले जोड!"

शैलाच्या गाडीला मात्र जळका वास नव्हता. चढावर ओढही दमदार. क्लच ठणठणीत. म्हणजे दुखणं दुसरीकडेच!

* * *

रमेशरावांनी स्कॅनर लावला. सकाळी म्हणाले, "आई, क्लचचा सेन्सर." दुपारी म्हणाले, "नाई, गिअरचा सेन्सर." दुसऱ्या दिवशी दोन्ही चांगले आणि तिसरंच काही वाईट!

"आई, आता गिअरबॉक्स उतरवूनच पाहू."

"हात लावाचा नाई! मशीन रोज येगयेगळं बोलते, म्हंजे ते खोटं नाई बोलून राह्यलं. त्याले कोनीतरी चिमटे काढून राह्यलं! मले तो चिमटे काढनारा पाह्यजे."

"कोन काढीन चिमटे?"

"ते समजलं असतं तं मी तुमच्याशी बोलत बसली असती काय, जावईबापू!"

बाजार दुसऱ्या दिवसावर आला होता. गजाननचा निरोपही आला होता: गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे.

मी गाडीजवळ स्टूल टाकून चहा घेतला. माझा चहा म्हणजे अर्धा कप साखर. बशीत थोडा उरला, ती बशी खाली ठेवली. थोड्या वेळानं लाल मुंग्यांची रांग आली. बशीपर्यंत आली, बशीला वळसा घातला आणि पुढं निघून गेली.

मी पाहतच राहिले. माझा चहा सोडून मुंग्या जातात? हा अपमान आजवर कोणी केला नव्हता!

रांगेमागं मान वळवत गेले. रांग टायरवर चढली, टायरवरून वर, आत!

"जावईबापू! बोनेट!"

गिअर बदलणाऱ्या मशीनच्या वायरींचा जाड कनेक्टर असतो. त्याच्याभोवती सगळं चिकट. रमेशरावांनी तो खेचला आणि आतून मुंग्यांचं अख्खं गाव बाहेर पडलं! पिनांमध्ये मुंग्या चिरडलेल्या, पितळेवर हिरवा थर. करंट कधी पोचायचा, कधी नाही. गाडी बिचारी काय करील?

मी बोट लावून चाटलं. गोड!

* * *

शैलाला फोन लावला. "काय व, इंजिनात काय टाकत होती?"

"काईच नाई, मावशी. दर शुक्रवारी नारळ फोडत होती."

"नारळ समद्याच गाड्याइले फोडतात. चाकापाशी फोडतात!"

"चाकाले काय पुजाचं, मावशी? राबते तं इंजिन! म्हनून बोनेट उघडून आतच फोडत होती. आन् पेढ्याचा निवद."

"पेढा कुठं ठेवत होती?"

"त्या जाड वायरीपाशी. तिथं बसते बरोबर."

"आन् गचके सुरू झाल्यावर?"

"मंग मंगळवारचा बी सुरू केला."

मी फोन कानापासून दूर धरून हसले. जितके गचके, तितके पेढे. जितके पेढे, तितक्या मुंग्या. जितक्या मुंग्या, तितके गचके!

"पोरी, देवाले देवघरात जेऊ घाल. गिअरबॉक्सले उपास सोसते!"

पिना घासल्या, स्प्रे मारला, कनेक्टर बंद केला. रमेशरावांनी लॅपटॉप लावून गाडीला क्लच कुठं धरायचा, कुठं सोडायचा ते पुन्हा शिकवलं. ते काम त्यांचंच, आणि त्यांनी ते झकास केलं. मी तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. जावई इतके घाबरले, की त्यांनी विचारलं, "आई, तब्येत बरी आहे ना?"

* * *

बाजाराच्या दिवशी गजानन कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला. गिऱ्हाइकाला भेटायला म्हणून.

"मुंग्याइनं कुठं गाडी बिघडते, मावशी? कायले येडं बनवता?"

शैला गाडीच्या दाराशी. किल्ली मुठीत घट्ट.

मी आतून ताकाचा गडवा आणला, चांगला तांब्याएवढा. "घे, मांडीवर धर. काठोकाठ नाई भरला, रस्ता काई मी बांधला नाई. वहिनी तुले अनसिंगपर्यंत नेते आन् आनते. सदऱ्यावर एक थेंब पडला तं गाडी इक. नाई पडला तं इकाची गोठ तोंडातून काढाची नाई!"

"मंजूर! आल्याबरुबर गिऱ्हाइकाले फोन लावतो," गजानन म्हणाला आणि गडवा दोन्ही मांड्यांत दाबून बसला.

शैलानं गाडी काढली. फाटकापाशी मी पाहत होते. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. कुठं एक हिसका नाही! रमेशराव माझ्यामागं देवाचं नाव घेत उभे.

गेली ती गेली. आम्ही चहा घेतला. उन्हं तापली. रस्त्यावर दर पांढऱ्या गाडीला रमेशराव "आली, आली!" म्हणत होते. शेवटी खरंच आली. आली तीही अशी, की दारात उभी राहीपर्यंत आवाज नाही.

शैला एकटीच उतरली. दार तिनं लावलंसुद्धा नाही. चप्पल न वाजवता माझ्याकडे आली आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी वाकून आत पाहिलं. गजाननची मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, घोरणं चालू. सदरा पांढराशुभ्र. मांड्यांत गडवा, आणि ताक होतं तेवढंच्या तेवढं!

शैला कुजबुजली, "मावशी, भाऊजीले उठवू का?"

"खबरदार!" मी म्हटलं. "दचकला तं ताक सांडीन!"