तिहेरी शिलाई

टेपबाईने माझं पहिलं माप घेतलं, तो प्रसंग किल्ल्याला वेढा घालण्यासारखाच होता. टेप माझ्या कमरेच्या एका बाजूने निघाली, मागे कुठेतरी दिसेनाशी झाली, आणि तिचं टोक पुन्हा हाती लागेपर्यंत अंगणात खेळणाऱ्या टेपबाईच्या तिन्ही मुली लग्नाच्या झाल्या असाव्यात असं मला वाटलं. तोंडात टाचण्या धरून ओठाच्या कोपऱ्यातून ती म्हणाली, “ताई, श्वास सोडा.”

“सोडलाय.”

“अगंबाई!”

तिथून आमची गट्टी जमली. टेप तिच्या गळ्यातून स्वयंपाक करतानाही उतरत नसे, म्हणून सगळं गाव तिला टेपबाई म्हणायचं. मशीन पुढच्या खोलीत खिडकीपाशी, आणि दाराशी खाटेवर तिच्या सासूबाई. दारातून बाहेर पडणारी माशीसुद्धा त्यांना कुठे चालले ते सांगून जात असावी.

टेपबाईची शिवण मात्र भलतीच मजबूत. दुसरे शिंपी जिथे एक टीप मारतात, तिथे ही तीन मारायची. तिने शिवलेला ब्लाउज उसवायला एकदा मी लोहाराला बोलावणार होते.

“अगं, इतका दोरा कशाला घालतेस?” मी विचारलं. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

“संपायला हवा ना, ताई.”

दोऱ्याचं दुकान बाजारात, तासभर चालत. दुकानाच्या मागेच आरोग्य केंद्र, आणि तिथल्या नर्सबाई दर तीन महिन्यांनी पाळणा लांबवायचं इंजेक्शन द्यायच्या. तिसरीच्या वेळी टेपबाईचं इतकं रक्त गेलं होतं, की त्यांनी बजावलं होतं, “आता पुन्हा नको. जिवावर बेतेल.” ते तिने घरी सांगून पाहिलं होतं. नवरा म्हणाला, “बघू.” सासूबाई म्हणाल्या, “आम्ही काय बाळंत झालो नाही? त्या सुईने बाया वाळून जातात. आणि पोरींच्या पाठीवर भाऊ नको?” तेव्हापासून घरातला दोरा बरोबर तीन महिन्यांत संपू लागला.

नवरा वाईट असता तर एक वेळ परवडलं असतं. टेम्पो चालवणारा तो साधा गडी बायकोवर जीव टाकायचा. एकदा ती भर उन्हातून बाजारातून चालत येताना त्याला दिसली. त्याचं काळीज तुटलं. पुढच्या खेपेला शहरातून त्याने खोकं भरून रिळं आणली. सगळे रंग. वर सुया, बटणं, हुकसुद्धा.

“दोन वर्षं बघायला नको! तंगडतोड बंद!” चंद्र उतरवून आणल्यासारखा तो उभा होता.

“बायकोचे लाड बघा,” सासूबाई म्हणाल्या.

“छान आहेत,” टेपबाई म्हणाली. तिने रंगांप्रमाणे रिळं फडताळात रचली.

मग मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की आसपासच्यांनी सावध व्हावं. “मावशी, मला खोकला झालाय. केंद्रात जाते, सोबतीला सून द्या.”

“चला की! मीही येते. गुडघे दाखवायचेच होते.”

केंद्रात एकच बाक. मधोमध सासूबाई बसल्या. नर्सबाईंनी टेपबाईकडे पाहिलं, टेपबाईने भिंतीकडे. मला न झालेल्या खोकल्याची बाटली मिळाली, सासूबाईंना मलम. परतताना वाटभर त्या मलमाचं कौतुक करत होत्या.

काही आठवड्यांनी मी बाह्यांचं माप द्यायला गेले. सासूबाई खाटेवर घोरत होत्या.

“राहिलंय,” टेपबाई म्हणाली. बाही कोपरापर्यंत ठेवू का, हे विचारावं त्याच आवाजात.

“नवऱ्याला सांगितलंस? नर्सबाई काय म्हणाल्या होत्या ते?”

“सांगितलं. म्हणाला, आता राहिलंच आहे तर राहू दे. काळजी घेऊ.” तिने कापड सरळ केलं. “हात वर करा, ताई.”

मी हात वर केला.

चौथीही मुलगीच झाली. रक्त थांबेना, म्हणून मोठ्या दवाखान्यात टेपबाईची पिशवी काढली. सही नवऱ्याने केली.