स्टोअरच्या दारातली चिंधी

पोलीस ठाण्यात सायबांनी चौकशीच्या खोलीचं दार लावलं आन् माझा दमच कोंडला.

मी रांजणगावला कंपनीत पॅकिंगला. स्टोअरमधनं तांब्याच्या वायरीची बंडलं चोरीला गेल्याली. दाराच्या लॉकमधी चिंधी कोंबल्याली, म्हंजी दार नुसतं टेकल्यालं. चिंधी माझ्या जुन्या ओढणीची. सुपरवायझरनं ओळखली आन् पोलिसांना माझं नाव दिलं.

"चिंधी तूच कोंबली?" सायेब चौथ्यांदा.

"व्हय."

"चोरासाठी?"

"न्हाई वो सायेब!"

"मग कशाला?"

"उगंच."

"उगंच!" सायबांनी पेन आपटला. "अगं बाई, उगंच कुणी लॉकात चिंधी कोंबतं का? मला बी घर हाय, तुला बी हाय."

घरी माझी पाच महिन्यांची लेक शेजारणीपाशी. दूध भरून कुर्ता भिजल्याला. तरी मी पुन्यांदा 'उगंच'च म्हणले.

तेवढ्यात लेडीज हवालदार म्हणल्या, "सायेब, हिचे हात बघा."

मीबी बघितलं. खुर्चीवरनं कवा उठले कळलंच न्हाई. दारापाशी हुबी राहून ओढणीचं टोक लॉकात कोंबत व्हते. तेबी पोलीस ठाण्यात!

सायबांनी दार सताड उघडलं. "बस. आता बोल."

मग भडाभडा बोलले. गावाकडं, खुटबावला, लहानपणी आई-आप्पा कामाला गेले की चुलता मला कोंबड्यांच्या शेडमधी कोंडायचा. रडले की आजून येळ. स्टोअरचं दार आपसूक लॉक व्हतंय, आत बॉक्स आणायला जावंच लागतंय, म्हणून रोज चिंधी कोंबायची, निघताना काढायची. त्या दिवशी कंपनीची बस हॉर्न मारीत व्हती, काढायची राहिली.

"आगं, मग हे आधी सांगायला काय झालं व्हतं?"

"कसं सांगू? लोकं हसत्यात वो."

हवालदारताईंनी पाणी दिलं.

दोन दिवसांनी वायर भंगारवाल्याकडं घावली. नेणारा लोडिंगचा माणूस निघाला. माझ्यावरचा आळ गेला. वाटायचं, लहानपणचं लहानपणीच सरतं. कुठलं सरतंय, माझ्यासंगं ड्यूटीला येतंय!

आता एचआरच्या म्याडम म्हणत्यात, चिंधी का कोंबली ते लेखी दे. खरं लिवलं तर डोस्क्यानं अधू म्हणून काढत्याल. न्हाई लिवलं तर निष्काळजी म्हणून काढत्याल. माझ्या पगारावर घर चालतंय. कागद उद्या द्यायचाय, आजून कोराच हाय.

तुमी काय लिवलं आसतं?