ऐरणीवरचा बूट

त्यानं बुटाचा पाय आमच्या ऐरणीवर ठेवला आणि परवाना मागितला.

आमी फिरतं लोहार. कोल्हापुरात एका मैदानाच्या कडंला बसून विळं, खुरपी, कुऱ्हाडी करत व्हतो. माझं मालक सांडशीत तापलेलं लोखंड धरत्यात, मी घण मारते. आमच्यात बाईच घण मारती. सकाळी ऐरणीला हळदकुकू लावल्याबिगर भट्टी पेटत न्हाय. रांगतं पोर जवळ आलं तरी त्याचा पाय तिला लागू देत न्हाय. आणि ह्या माणसानं चिखलाचा बूट ठेवला. गुडघ्यावर कोपर टेकून मोबाईल बघत उभा ऱ्हायला.

मालकांनी हात जोडलं. मीबी जोडलं. त्याच्या गळ्यात कार्ड व्हतं. गळ्यात कार्ड दिसलं की ते सरकार, एवढंच आमाला ठावं. वाचाय कुठं येत व्हतं?

परवाना माझ्या पोलक्यात व्हता. मालकांनी चार खेपा घालून, दिवसदिवस ऑफिसच्या बाकावर बसून मिळवलेला. आठ दिवस ह्याच जागंवर बसायचा. घामानं मऊ झालेला कागद त्याच्या हातात दिला. त्यानं दोन बोटांत धरला, घाण लागल्यागत.

म्हणाला, "हा रद्द झालाय. मैदान महोत्सवाला दिलंय. इथं पाहुण्यांच्या गाड्या लागणार. तासाभरात उठला न्हाईसा तर अतिक्रमणची गाडी बोलावतो."

मागं एका गावात त्या गाडीनं आमची पहिली ऐरण उचलून नेलती. परत मिळालीच न्हाय. नवी येईस्तवर लोकांच्या रानात भांगलत ऱ्हायलो, पोरं अर्धपोटी झोपली. तवापासनं तसली गाडी लांबनं दिसली तरी मी आधी ऐरणीवर गोणपाट टाकते. मालक भाता सोडाय लागलं. मी विळं गोळा कराय लागले.

जवळच्या गडमुडशिंगी गावच्या एक आक्का विळ्याला धार लावाय आलत्या, तिथंच दगडावर बसलेल्या. त्या उठल्या. त्याचं कार्ड हातात धरून वाचलं. मग माझा कागद मागून घेतला.

"अगं, ह्यो सरकारी माणूस न्हवं. महोत्सवाच्या पार्किंगचा हाय. तुझा कागद परवापतोर चालतोय की."

पार्किंगचा! पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं व्हतं आमी त्याच्या.

भीती गेली म्हणाल तर न्हाय. वाढली. असल्यांची वर वळख असती, एका फोनवर गाडी येती. पण लाज वाटली, माझी मलाच. जल्मभर घण मारणारी मी, आणि प्लास्टिकच्या तुकड्याला भ्याले.

म्हटलं, "साहेब, पाय काढा."

तो हसला. मालकांना म्हणाला, "हिला आवर."

मालक हळूच म्हणालं, ऱ्हाऊ दे, चल. लग्नापासनं पहिल्यांदा त्यांचं ऐकलं न्हाय. लोखंड तापवा म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सोडलेला भाता परत जोडला. तो माणूस तसाच उभा. लोखंड लाल झालं, सांडशीत धरून मालकांनी ऐरणीकडं आणलं. मी घण उचलला. ठिणगी त्याच्या विजारीवर उडायच्या आतच पाय निघाला.

जाताना म्हणाला, बघून घेतो. ती रात आमी ऐरणीला बिलगून काढली. त्या खेपंला गाडी आली न्हाय. पुढं कुठल्या तरी गावात येईल, मला ठावं हाय. अजूनबी हॉर्न वाजला की हातातलं टाकून ऐरणीकडं धावते.

पर आता परवाना घ्यायला मीच जाते. आक्कांनी त्या दोन दिवसांत काही अक्षरं दाखवली, बाकीची मी ऑफिसातल्या बाबूंशी भांडून भांडून शिकले. कोण उठवाय आला तर एकच सांगणार: लेखी हुकूम आण, खाली तुझं नाव घाल, सही कर, माझ्या हातात दे. मी तो वाचणार. त्यात खोट निघाली तर उठणार न्हाय, आणि ऐरण न्यायची असंल तर आधी मला उचलावं लागंल.