इब्राहिम हिंदीची वाडी

अम्माने दुबईला यायचं कबूल केलं ते एका अटीवर. "बाबाची कबर बघीन, फातिहा पढीन आणि परत फिरीन. त्या घरात पाय ठेवणार नाय. त्या घरचं पाणी पिणार नाय."

"ते घर" म्हणजे माझ्या आजोबांचं दुसरं घर. आजोबा, इब्राहिम, आमच्या श्रीवर्धनकडचे सुतार. गलबतं बांधायचे, दुरुस्त करायचे. अम्मा पाच वर्षांची असताना ते एका लाँचवर बसून अरबस्तानच्या किनाऱ्यावर गेले. तेव्हा तिकडे तेल निघालं नव्हतं, रस्ते नव्हते, नि दुबई म्हणजे खाडीकाठचं एक गाव होतं. दोनदा ते परत आले. दुसऱ्या खेपेला आजीला म्हणाले, चल माझ्याबरोबर, मला तिथे जमीन मिळाली आहे. आजी म्हणाली, मी समुद्र ओलांडायची नाही. ते एकटे गेले. पुढे कळलं की डोंगरात शेती केली, तिथल्याच बाईशी निकाह केला, एक मुलगी झाली. मग ते आलेच नाहीत. वारल्याचा निरोप तेवढा आला.

अम्मा आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. बापाचं नाव तिच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, तेवढ्या वर्षांत आजोबांविषयी विचारायची माझी हिंमत झाली नाही. गेल्या वर्षी माझा भाचा इम्रान, जो दुबईतच असतो, त्याने ते शेत शोधून काढलं. फुजैराकडच्या डोंगरात जुन्या लोकांना "इब्राहिम अल-हिंदी" म्हटलं की वाट ठाऊक होती. तिथून निरोप आला की थोरल्या बहिणीने एकदा यावं.

फेब्रुवारीत निघालो. अम्माच्या पिशवीत फणसपोळी, आमसुलं आणि तांदळाचं पीठ. "हे कुणासाठी?" मी विचारलं. "इम्रानसाठी," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली. इम्रानला फणसपोळी आवडत नाही हे तिला चांगलं माहीत आहे.

इम्रानचा फ्लॅट इंटरनॅशनल सिटीत आहे. इमारती सगळ्या सारख्या, खाली एका रांगेत केरळी चहावाला, पाकिस्तानी न्हावी, चिनी भाजीवाली. त्याच्या मुलीला अम्माने विचारलं, "शाळेत काय शिकवतात गो?" ती म्हणाली, "एव्हरीथिंग, नानी." अम्माला हे उत्तर इतकं पटलं की दोन दिवस ती प्रत्येक प्रश्नाला "एव्हरीथिंग" म्हणत होती. जेवायला काय करू? एव्हरीथिंग. काय काय बघायचंय? एव्हरीथिंग. उंच मनोरा मात्र तिने गाडीतूनच बघितला. "पडला तर?" एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. शारजाच्या गर्दीतून सुटलो आणि धैदच्या रस्त्याला लागलो तसा दोन्ही बाजूंना तांबूस वाळू दिसू लागली. मधेच उंट, मधेच गाफची झाडं, आपल्या शमीच्या जातीची, वाळूत एकेकटी उभी. मग वाळू संपली आणि डोंगर सुरू झाले. असे डोंगर मी कधी पाहिले नव्हते. सह्याद्री ओला असतो, हिरवा असतो, निदान गवताने पिवळा तरी असतो. हे डोंगर नुसते दगडाचे, करड्या-तपकिरी रंगाचे, जणू कालच फोडून ठेवलेले. उन्हात त्यांच्या घड्या न् घड्या दिसत होत्या.

"ह्यात शेती?" अम्मा म्हणाली.

मसाफीच्या आधी रस्त्याच्या कडेला बाजार लागला. फळं, गालिचे, मातीची भांडी, रोपं. एका पेशावरी फळवाल्याने आमच्यासाठी पेरू कापले. इम्रानने शेताचा पत्ता विचारला तेव्हा तो म्हणाला, "हिंदी का मज़रा? सीधा जाओ, वादी में उतरो। जून में आना था बाजी, उनका हंबा खतम होने से पहले।"

"हंबा काय?" अम्माने विचारलं.

"आंबा, नानी," इम्रान म्हणाला. "इथले अरब आंब्याला हंबाच म्हणतात."

अम्माने पेरूची फोड खाली ठेवली. नंतर गाडीत बसताना स्वतःशीच पुटपुटली, "हंबा. गाईसारखा."

वादी (डोंगरातला कोरडा ओढा) दिसायला सोपी, चालवायला अवघड. इम्रानच्या छोट्या गाडीने शंभरेक पावलं धीर धरला आणि गोट्यांत रुतून बसली. चाकं फिरत होती, खडे उडत होते, गाडी खाली खाली जात होती. इम्रानने फोन लावला. थोड्या वेळात पांढरा पिकअप धुरळा उडवत आला. पांढऱ्या कंदुऱ्यातला (पायघोळ अरबी झग्यातला), दाढी पिकू लागलेला एक माणूस उतरला. त्याने आधी गाडीकडे पाहिलंच नाही. सरळ अम्माजवळ गेला, वाकला आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेऊन म्हणाला, "खाला."

हा सईद, अम्माच्या सावत्र बहिणीचा मुलगा. मावशीला आम्हीही खालाच म्हणतो. अम्मा गोंधळली. परका माणूस, परका वेश, आणि हाक मात्र घरातली. तिने पदर सावरला. सईद हिंदी छान बोलत होता, लहानपणापासून दुकानदारांशी बोलून शिकलेली. "खलास, गाड़ी छोड़ो। बाद में निकालेंगे। यल्ला, मेरे साथ बैठो।"

"पहिलं कबरस्तान," अम्मा म्हणाली. मी हिंदीत सांगितलं. सईदने मान डोलावली. जणू हे त्याला आधीच माहीत होतं.

कबरस्तान शेताच्या कडेलाच, गुडघाभर उंच दगडी गडग्यात. कबरींवर नावं नाहीत. नुसते डोक्याशी-पायाशी उभे दगड. बायका आत जात नाहीत, म्हणून आम्ही गडग्याबाहेर थांबलो. सईदने आत जाऊन एका दगडाशेजारी उभं राहून हात वर केला. अम्मा बघत राहिली. फातिहा पढून झाल्यावर ती मला म्हणाली, "एवढासाच दगड?" मग तिने चेहऱ्यावरून हात फिरवले. "चल. झालं."

ती पिकअपकडे वळली आणि थांबली. वारा फिरला होता. गडग्यापलीकडून वास येत होता, आणि तो ओळखायला आम्हाला दोघींना कुणी सांगायची गरज नव्हती. मोहराचा वास. त्या दगडी, कोरड्या, गवताची काडी नसलेल्या दरीत आंब्याचा मोहर घमघमत होता.

अम्मा नाकाने तो वास शोधत उभी असतानाच गडग्याच्या फटीतून एक म्हातारी काठी टेकत आली. काळी अबाया, तोंडावर सोनेरी चमक असलेला जुन्या पद्धतीचा बुरखा, फक्त डोळे नि हनुवटी दिसेल असा. ती तरातरा चालत आली, अम्मापुढे उभी राहिली आणि मोठ्या प्रेमाने, खणखणीत आवाजात म्हणाली,

"ए गाढवा! कुठं मेला व्हतास?"

मी थिजले. इम्रान थिजला. सईद हसून कौतुकाने आईकडे बघत होता, कारण त्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता. म्हातारीने उत्तराची वाट पाहिली, मग आणखी गोड आवाजात म्हणाली, "हल ना हरामखोरा! हल!"

सईदने समजावलं. मरियमखालाला, म्हणजे त्याच्या आईला, आपल्या बापाची भाषा येते याचा फार अभिमान आहे. बाप घरात अरबी बोलायचा. पण शेतात, गाढवाशी, बैलाशी आणि पुढे पाण्याच्या पंपाशी तो स्वतःच्या भाषेत बोलायचा. मुलगी दिवसभर त्याच्यामागे असायची. तेच ती शिकली. आज बहिणीसाठी तिने सकाळपासून उजळणी केली होती.

मी हे अम्माला कसं सांगावं या विचारात होते, पण सांगावं लागलं नाही. अम्माचा चेहरा हलला. आधी ओठ, मग खांदे. मग ती गडग्याला हात टेकून हसू लागली. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "बाबा! अगदी बाबा! तासणी हाताला लागली की असाच ओरडायचा!" डोळ्यांतून पाणी येत होतं, ती ते पुसत होती आणि हसत होती. मग मरियमचा हात धरून तिने शिक्षिकेला शोभेल अशी दुरुस्ती केली, "अगो, बाईला गाढवा नाय म्हणत. गाढवी म्हणतात. गाढवी!"

"गाढवी," मरियमखालाने मन लावून म्हटलं.

तशा त्या हातात हात घालून आत गेल्या. अट कुठे गेली हे मी विचारलं नाही.

घरात गालिच्यावर बसवून आधी कहवा दिला. वेलदोड्याची फिकी, कडवट कॉफी, घोटभर पेल्यात, सोबत खजूर. अम्माने माझ्याकडे पाहिलं. "हे पाणी नव्हे ना?" मी म्हटलं, नव्हे. तिने पेला रिकामा केला. लगेच भरला गेला. तिने तोही संपवला, पुन्हा भरला गेला. पाहुण्याचा मान राखायचा म्हणून ती पीत होती आणि पेला रिकामा दिसतो म्हणून ते भरत होते. सहाव्या की सातव्या पेल्याला सईदच्या लक्षात आलं. "खाला, बस हो तो ऐसे हिलाओ," म्हणून त्याने पेला बोटांत धरून हलवून दाखवला. अम्माने तो घुंगरासारखा हलवला आणि सगळं घर हसलं. त्यानंतर तिने स्वतःच साधं पाणी मागितलं.

जेवायला भातावर मटण, हरीस (गहू आणि मांस घोटून केलेली पेज), वर तूप. शेवटी लुकैमात, म्हणजे खजुराच्या पाकातली गोल भजी. अम्माने पिशवीतून फणसपोळी काढली. मरियमखालाने ती आधी चामडं समजून उलटसुलट केली, मग चावली, मग उरलेली सगळी उशीखाली सरकवली.

दुपारी सईदने आम्हाला शेत दाखवलं. आजोबा आधी रास अल खैमाच्या खाडीवर लाकूडकाम करत. एका अरब मित्राबरोबर या वादीत आले ते विहिरीवरची लाकडी चौकट दुरुस्त करायला. इथला जुना फलज (डोंगरातलं पाणी आणणारा पाट) बुजला होता, लोक वस्ती सोडून गेले होते. आजोबांनी दोन हिवाळे खपून तो उकरला. इथला रिवाज असा की पडीक जमीन जो जिवंत करील त्याची. तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "तुझं पाणी पोचेल तिथवर तुझं." ज्या जागी बकरीही थांबत नव्हती तिथे त्यांनी टोपल्यांनी माती आणून घातली. आधी खजूर, मग सावलीला लिंबू, मग कोकणातून लाँचवर ओल्या पोत्यात गुंडाळून आणलेली कलमं.

"बहुत मर गए," सईद म्हणाला. "हर साल मंगवाते थे, हर साल मरते थे। लोग हँसते थे। फिर एक बच गया।"

आता सईदची भावंडं शहरांत पांगली आहेत. तो स्वतः सरकारी कचेरीत आहे, सुट्टीला इथे येतो. धाकट्यांचं म्हणणं आहे की झाडं काढून पर्यटकांसाठी खोल्या बांधू. मरियमखाला ऐकत नाही. पाणी कमी झालंय, थोडं खारट झालंय, तरी रोज सकाळी पाटाची दारं ती स्वतः उघडते.

शेताच्या वरच्या टोकाला, पाट जिथे पहिल्यांदा जमिनीत उतरतो तिथे, एक जाड बुंध्याचं आंब्याचं झाड होतं आणि त्याभोवती सात-आठ लहान. सगळी मोहरलेली. सईदने तिथल्या बंगाली गड्याला हाक मारली, "जैनब को पानी दिया?"

अम्मा वळली. जैनब तिचं नाव.

"इस कोने का नाम है," सईद म्हणाला. "नाना ने रखा था। मैं छोटा था तो समझता था अरबी में बाग के पहले कोने को जैनब ही बोलते हैं। स्कूल में लिख भी दिया था। टीचर ने काट दिया।" त्याला स्वतःलाच हसू आलं. "फिर अम्मी ने बताया कि जैनब हिंद में रहती है। पानी पहले उसको जाएगा, फिर बाकी सबको।"

मरियमखालाने काठीने पाटाकडे बोट दाखवून अरबीत काही म्हटलं. सईदने सांगितलं, "बोलती हैं, मुझे बहुत जलन होती थी।"

अम्मा झाडाजवळ गेली. चपला काढल्या आणि पाटाच्या ओल्या मातीत उभी राहिली. बराच वेळ तिने बुंध्यावर हात ठेवला होता. मग मरियमखालाला जवळ ओढून म्हणाली, "मी समजत होते, तुझ्याकडे बाबा होता आणि माझ्याकडे काहीच नव्हतं." मी हिंदीत सांगितलं, सईदने अरबीत सांगितलं. मरियमखालाने बुरखा कपाळावर सरकवला. खाली तंतोतंत अम्माचे ओठ आणि अम्माचंच बसकं नाक होतं. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघून पुन्हा हसायला लागल्या.

आम्ही एका दिवसासाठी गेलो होतो, चार दिवस राहिलो. अम्माने तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या. मरियमखालाने तिच्या हाताला मेंदी लावली. दोघी पहाटे पाटावर जायच्या, एक अरबीत बोलायची, एक कोकणीत, आणि मधे गड्याला कळेना की दार कुठलं उघडायचं. निघताना सईदच्या धाकट्या भावंडांपैकी दोघं आली होती. अम्माने त्यांना झाडाखाली उभं करून मला भाषांतर करायला लावलं, "खोल्या बांधा. पण खाली, रस्त्याजवळ. वरती हात लावाल तर मी परत येईन." ती दोघं इन्शाल्ला म्हणाली. अम्मा म्हणाली, "इन्शाल्ला नाय. होय म्हणा." त्यांनी होय म्हटलं.

परतीच्या विमानात मला वाटलं होतं ती झोपेल. पट्टा लावून झाल्यावर ती अचानक म्हणाली, "बाबाच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. तुला माहीत होतं?" मला काय माहीत असणार. मग ती सांगत गेली. तो सागवान कसा निवडायचा, वास घेऊन. त्याला पोहता येत नव्हतं. ईदच्या दिवशी तो तिला खांद्यावर बसवून बंदरावर न्यायचा आणि प्रत्येक गलबताला हात लावून म्हणायचा, हे मी केलं, हेही मी केलं. त्यातली निम्मी त्याने केलेली नव्हती. एवढी वर्षं हे सगळं तिच्याजवळ होतं. ज्या माणसाची जमीन बघायला मी समुद्र ओलांडला, तो माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून होता. तिने त्याला बोलू दिलं नव्हतं, इतकंच.

खाली समुद्र होता. हवाई सुंदरीने चहा विचारला, अम्माने हातानेच नको म्हटलं, गोष्ट तुटू नये म्हणून. विमान मुंबईला टेकलं तेव्हा आजोबा अजून तिशीतच होते, बंदरावर उभे होते आणि लाँच सुटायची होती.