मी पुसून टाकलेल्या राणी पाकोळ्या

आमच्या घरात पाच खून झाले आणि ते मी ओल्या फडक्याने केले.

आई जाऊन पाच महिने झाले होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोलणं जवळजवळ टाकलंच होतं. उभी हयात वनरक्षक म्हणून जंगलात काढलेला माणूस, आता दिवसभर गच्चीवर आईच्या लिंबाच्या कुंडीशेजारी स्टूल टाकून बसायचा. "जेवलात का?" विचारलं तर नुसती मान हलायची. ते बघून माझा जीव तुटायचा. हेही गेले तर, ही धास्ती मला लागून राहिली.

मासिक श्राद्धाला मी गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला घास ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतो, तर लिंबाच्या पानांवर पांढरट-तपकिरी, ओली घाण! (कावळे जेवून गेले ते गेले, वर आईच्याच झाडावर!) अण्णा आंघोळीला गेले होते. मी फडकं घेतलं आणि पान न् पान लख्ख पुसून काढलं.

अण्णा वर आले. पानं बघून ओरडले, "पाची आळ्या कुटं गेल्या?"

"कसल्या आळ्या? कावळ्याची शीट होती ती!"

"राणी पाकोळीच्या आळ्या हुत्या रं! काळं, निळ्या पट्ट्यांचं, घाटातल्या जंगलातलं फुलपाखरू. हितं सोलापुरात तुज्या आईच्या झाडावर अंडी घालून गेली. आळी ल्हान असताना शिटेसारखीच दिसती, पाखरानं खाऊ नये म्हनून!"

"मग सांगायचं की मला!"

"बोलावंसंच वाटत न्हवतं," अण्णा म्हणाले आणि रडायला लागले. मीही रडलो.

बायको म्हणाली, "अहो, रडताय काय? दुसऱ्या लिंबांवर असतील की. आणा जावा!"

निघालो. दारोदार विचारत सुटलो, "तुमच्या लिंबावर घाण आहे का हो?"

"आमचं झाड लई स्वच्छ हाय!" शेजारच्या काकूंनी फाटकच लावून घेतलं.

शेवटी गावाबाहेरच्या एका बागेत सापडल्या. पाच! पानांसकट डब्यात घालून, स्कूटरवर मांडीत धरून आणल्या. अण्णांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"आरं, ही खरीच शीट हाय."

आणि ते हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

पाकोळी काही परत आली नाही. आईही नाही. अण्णा मात्र आता रोज तासभर बोलतात, येईल त्याच्याशी. विषय एकच: माझी अक्कल.